पत्र्याची शेड वादळात टिकेल का? वाऱ्याची जोखीम मोजायला नव्याने शिकणाऱ्या सोलापूरकर इंजिनिअरसाठी

सोलापूर कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर आत आहे. हरिकेन तर दूरच, अरबी समुद्रातलं चक्रीवादळसुद्धा घाट चढून इथवर पोचेपर्यंत दमलेलं असतं. मग हरिकेनसाठी घडवलेली जोखीम मोजायची पद्धत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराच्या काय कामाची? कामाची आहे, कारण एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं जो वारा सुटतो तो पत्रे उडवायला पुरतो. आणि फ्लोरिडातलं छप्पर ज्या क्रमाने सुटतं, त्याच क्रमाने शेळगीतलं सुटतं: आधी कडेचा एखादा सांधा, मग कोपरा, मग आत शिरलेला वारा, मग पाऊस.

ही पद्धत म्हणजे परफॉर्मन्स-बेस्ड, कामगिरीवर आधारित अभियांत्रिकी. नेहमीचं डिझाइन एकच प्रश्न विचारतं: इमारत कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या प्रमाण नियमांत, बसते का? इथे प्रश्न वेगळे आहेत. किती वाऱ्याला नेमकं काय मोडेल? मोडलं तर काम किती दिवस बंद? तसं घडायची शक्यता वर्षाला किती? बर्कलेच्या पॅसिफिक अर्थक्वेक इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरने भूकंपासाठी ही मांडणी केली. पुढे संशोधकांनी ती हरिकेनला लावली, त्यात वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तू, पाऊस आणि वादळाने चढणारी समुद्राची भरती हेही धरलं. २०१९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने वाऱ्यासाठीच्या अशा डिझाइनचं प्रीस्टँडर्ड, म्हणजे पक्क्या मानकाच्या आधीचा दस्तऐवज, काढलं. इंग्रजी पेपर उघडला की पहिल्याच पानावर तिहेरी इंटिग्रल दिसतं आणि माणूस लॅपटॉप मिटतो. मिटू नका. त्या इंटिग्रलचा अर्थ चार गुणाकार आणि एक बेरीज एवढाच आहे, आणि एका शेडपुरतं ते स्प्रेडशीटमध्ये होतं.

आधी हे गोळा करा

कागद:
- मंजूर नकाशे आणि असतील तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग. जुन्या शेडची बहुधा नसतातच. मग मोजमाप स्वतः घ्यायचं.
- पत्रा खरेदीची बिलं. जाडी तिथेच कळते.
- गेल्या काही वर्षांच्या दुरुस्तीची बिलं आणि फोटो. कुठला कोपरा पुन्हा पुन्हा दुरुस्त होतो हे यातून दिसतं.
- विम्याची पॉलिसी, तिच्या जोडपत्रांसकट.
- यंत्रं आणि मालसाठ्याची यादी, कोणतं यंत्र कुठे उभं आहे त्याच्या कच्च्या आराखड्यासह.

साधनं:
- आय.एस. ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचा भारतीय कोड, २०१५ ची आवृत्ती. १९८७ ची जुनी पीडीएफ अजून सगळीकडे फिरते, ती वापरू नका.
- टेप, व्हर्निअर कॅलिपर, पाना, टॉर्च, कॅमेरा. ड्रोन मिळाला तर उत्तम.
- स्प्रेडशीट. पायथन येत असेल तर मजा आहे, नसेल तर अडत नाही.

१. आधी मालकाशी बसा: काय गेलेलं परवडणार नाही?

नवखा इंजिनिअर वाऱ्यापासून सुरुवात करतो. सुरुवात तोट्यापासून करा. मालकाला विचारा, छप्पर दोन तास उघडं राहून पाऊस आत आला तर कशाचं सर्वात जास्त नुकसान? साध्या यंत्रमागावर पाणी पडलं तर पुसून, तेल देऊन तो चालू करता येईल. रॅपिअर मागाचं इलेक्ट्रॉनिक पॅनेल भिजलं तर गोष्ट वेगळी. सुताचे कोन, रंगवलेला माल, निर्यातीसाठी बांधून ठेवलेल्या गासड्या यांचा तोटा छपराच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो.

२४ ऑगस्ट १९९२ ला दक्षिण फ्लोरिडावर आलेल्या अँड्र्यू हरिकेनने हाच धडा दिला. कितीतरी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. छपराचं आच्छादन, खिडक्या आणि गॅरेजची दारं गेली, आणि त्या वाटेने शिरलेल्या पावसाने घरं आतून नासली. सांगाडा टिकला म्हणजे इमारत टिकली असं धरणारा हिशेब तिथे उघडा पडला.

बोलणं झालं की कामगिरीच्या तीन पायऱ्या कागदावर लिहा आणि मालकाची सही घ्या: काम न थांबता चालू, काम थांबलं पण आठवड्यात सुरू, बाकी काहीही झालं तरी आतला माणूस सुखरूप. प्रत्येक पायरीसमोर लिहायचं की ती किती वाऱ्यापर्यंत टिकली पाहिजे. तिसऱ्या पायरीवर घासाघीस करू नका. शहराच्या पूर्व भागात घरातच माग असतात, खाली माग आणि माळ्यावर कुटुंब. तिथे पत्रा सुटणं हा निव्वळ मालाचा प्रश्न उरत नाही.

२. वारा कोणता धरायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

कोडच्या शेवटी शहरांची यादी आहे: पुणे ३९, मुंबई ४४, हैदराबाद ४४ मीटर प्रति सेकंद. सोलापूर या यादीत शोधत बसू नका, त्याच्यासाठी वेगाचा नकाशा उघडा आणि जागा नकाशावर टेकवून वाचा. खालच्या उदाहरणात मी ३९ धरतो आहे. तुमच्या जागेचा आकडा तुम्ही वाचलेला असावा. हा ३९ म्हणजे मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, ३ सेकंदांच्या झोताचा वेग, ५० वर्षांच्या पुनरावृत्ती काळाचा. ताशी साधारण १४० किलोमीटर.

पहिला सापळा: किती वेळाची सरासरी? अमेरिकेत हरिकेनची श्रेणी १ मिनिटाच्या सरासरी वेगावर ठरते, आपलं हवामान खातं चक्रीवादळाचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने सांगतं, आणि आपला कोड ३ सेकंदांचा झोत मागतो. मोकळ्या मैदानात ३ सेकंदांचा झोत १ मिनिटाच्या सरासरीच्या ढोबळमानाने १.२ पट असतो. आपले १४० किलोमीटर १ मिनिटाच्या भाषेत ११५ च्या आसपास येतात, आणि पहिल्या श्रेणीचं हरिकेन ११९ ला सुरू होतं. म्हणजे आपलं डिझाइन वादळ हरिकेनच्या अगदी उंबरठ्यावर आहे. बातमीतला आकडा थेट सूत्रात घालणारे इथे फसतात.

दुसरा सापळा: '५० वर्षांचं वादळ' म्हणजे ५० वर्षांतून एकदाच, निवांत, हा समज. दरवर्षी शक्यता २ टक्के, आणि ५० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के. मालकाला हे समजावून सांगा, नाहीतर अहवाल कपाटात जाईल.

आता एक युक्ती. या पद्धतीला एक वेग पुरत नाही. वेगवेगळे वेग आणि त्यांची वार्षिक शक्यता लागते. अमेरिकेत एएससीई ७ या तिथल्या भारांच्या कोडमध्ये ३००, ७००, १७०० आणि ३००० वर्षांचे नकाशे तयार मिळतात. आपल्याकडे कोडमधल्या जोखीम गुणकाच्या, म्हणजे के-१ च्या तक्त्यातून कच्चा आलेख काढता येतो. ३९ च्या पट्ट्यासाठी ५ वर्षांना ०.७६, २५ वर्षांना ०.९२, ५० ला १ आणि १०० ला १.०६. गुणाकार करा: वर्षाला २० टक्के शक्यतेचा वारा २९.६, ४ टक्क्यांचा ३५.९, २ टक्क्यांचा ३९, १ टक्क्याचा ४१.३ मीटर प्रति सेकंद. शिकायला आणि छोट्या शेडला एवढं पुरतं. मोठ्या कामाला पुण्याच्या नॅशनल डेटा सेंटरकडून हवामान खात्याच्या सोलापूर वेधशाळेच्या कमाल झोतांच्या नोंदी विकत घ्या आणि दरवर्षीच्या कमाल आकड्यांवर गंबेल वितरण (कमाल आकड्यांसाठीचा संख्याशास्त्रातला वक्र) बसवा.

नोंदी हाताळताना वळवाचे झोत आणि मान्सूनचा वारा वेगळे काढा. वळवाचा झोत ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरतो, मिनिटांत येतो, मिनिटांत जातो, आणि उंचीप्रमाणे वेग वाढण्याचं कोडमधलं गणित त्याला नीट लागू पडत नाही. दोघांची एकत्र खिचडी केली तर आलेखाचं शेपूट, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या वाऱ्यांचं टोक, चुकतं, आणि मोठ्या जोखमीचा हिशेब शेपटावरच असतो.

चक्रीवादळासाठीचा के-४ गुणक किनाऱ्यापासून ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे, सोलापूरला तो १. 'सुरक्षित बाजूला असावं' म्हणून १.१५ किंवा १.३ लावू नका. जोखीम मोजताना उगाच वाढवलेला आकडाही चुकीचाच. डिझाइनमध्ये चालतं ते इथे चालत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला खोल कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि तेलंगणावरून आपल्याकडे आला. तोवर वारा ओसरला होता, पावसाने जिल्ह्याला झोडपलं. छपराच्या पन्हाळी, उताराचं तोंड, शेडच्या जोत्याची उंची हे मुद्दे स्प्रेडशीटमध्ये पाण्याच्या रांगेत लिहायचे. भरतीच्या लाटेची रांग, जी फ्लोरिडाच्या प्रत्येक अभ्यासात असते, ती इथे खुशाल खोडा.

३. शेडभोवती एक चक्कर मारा

चिंचोळीच्या कडेला शेतं लागतात तिथे कोडची भूभाग श्रेणी २, भवानी पेठ किंवा साखर पेठेच्या दाटीत श्रेणी ३. १० मीटर उंचीपर्यंत श्रेणी ३ चा वेगाचा गुणक ०.९१, म्हणजे दाब १७ टक्क्यांनी उतरतो. पण चारही दिशा पाहा. एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान असेल तर त्या बाजूने श्रेणी २ च.

मग उडणाऱ्या वस्तू मोजा. हरिकेनच्या अभ्यासात याला मोठा मान आहे आणि आपल्याकडे कोणी विचारतही नाही. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड, टायर, जुना माग ठेवायची पद्धत आहे. दगड पत्र्याला किती धरून ठेवतो ते पुढच्या पायरीत कळेलच. तोवर एवढं लिहून ठेवा की वारा वाढला की तोच दगड शेजाऱ्याच्या छपरावर जातो. शेजारच्या शेडचे सुटलेले पत्रे, होर्डिंग, पाण्याची रिकामी टाकी यांची दिशा आणि अंतर आराखड्यावर मांडा.

४. वेगाचा दाब करा

सूत्र सोपं: दाब, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये, बरोबर ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ ला ९१३. मोकळ्या जागेतली ८ मीटर उंच शेड धरली तर बाकीचे गुणक १. (दिशेचे आणि संयोगाचे गुणक लावून दाब थोडा उतरवता येतो, उदाहरण सोपं राहावं म्हणून ते बाजूला ठेवतो. क्षेत्रफळाचा गुणक स्क्रूला तसाही लागत नाही, त्याच्या वाट्याला १० चौरस मीटरपेक्षा फारच कमी क्षेत्र येतं.)

छपरावर वारा दाबत कमी आणि ओढत जास्त असतो. कमी उताराच्या दुपाखी छपरावर वाऱ्याकडच्या पाखीला बाहेरून ओढ १.२ पट धरा. शटर-खिडक्या बंद, भोकं कमी, तर आतून ढकल ०.२. एकूण १.४. आता शटर गेलं असं समजा: मोठं तोंड उघडं पडलं की कोड आतला गुणक ०.७ धरायला सांगतो. एकूण १.९. त्याच वाऱ्यात छपरावरचा भार ३६ टक्क्यांनी वाढला. किलोमध्ये सांगायचं तर चौरस मीटरला १३० वरून १७७ किलो वरच्या दिशेने, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन चार-पाच किलो. यात दगडाचा हिशेब तुम्हीच करा.

कडा आणि कोपरे यांना कोडमध्ये वेगळे, मोठे गुणक आहेत. ते तक्त्याच्या उजव्या बाजूला असतात आणि घाईत सुटतात. जुन्या गिरण्यांसारखं करवतीच्या दात्यांचं छप्पर असेल तर त्याचा तक्ताच निराळा. दुपाखीचा वापरू नका.

५. वर चढा, पण जपून

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. ऊन-पाऊस खाल्लेला सिमेंट पत्रा सूचना न देता फुटतो. पर्लिनवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) टेकणारी फळी, कमरेला पट्टा, खाली एक माणूस, नाहीतर ड्रोन.

पाहायचं ते भार ज्या वाटेने खाली उतरतो त्याच क्रमाने: पत्रा, स्क्रू किंवा जे-बोल्ट, पर्लिन, पर्लिन कैचीला धरणारा क्लीट, कैची, खांब, पाया. सगळी साखळी तपासा, पण बहुतेक वेळ पहिल्या तीन कड्यांवर घालवा. प्रत्येक बेमध्ये, म्हणजे दोन कैच्यांमधल्या गाळ्यात, किती स्क्रू असायला हवेत आणि किती आहेत ते मोजा. सोलापूरच्या उन्हात पत्रा रोज ताणतो-आखडतो, रबरी वॉशर कडक होऊन चिरतात, स्क्रू सैल पडतो. जिथून गळतं तिथे डांबर लावलेलं दिसेल; डांबर गळती थांबवतं, ओढ थांबवत नाही. स्क्रूभोवतीचं भोक लांबट झालं आहे का तेही बघा.

त्या भोकाला इतिहास आहे. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालं. तपासात दिसलं की झोतांच्या सततच्या ओढाताणीने पत्र्याला स्क्रूभोवती थकव्याचे तडे गेले आणि स्क्रू जागेवर ठेवून पत्रा उडाला. म्हणून तिथल्या चाचण्यांत पत्र्याला पुन्हा पुन्हा ओढून-सोडून तपासायला लागले. आपला वळीव थोडक्यात आटोपतो, थकवा तेवढा साचत नाही. पण तो दरवर्षी येतो आणि लांबट भोक आपोआप बुजत नाही.

शटरची पट्टी भिंतीत किती रुतली आहे, तिचे अँकर विटेत आहेत की काँक्रिटमध्ये, हे हाताने हलवून पाहा. टर्बो व्हेंटिलेटर आणि पारदर्शक फायबरचे पत्रे वेगळे नोंदवा. ते बहुधा आधी जातात.

६. किती वाऱ्याला मोडेल: फ्रॅजिलिटी

फ्रॅजिलिटी वक्र सांगतो की अमुक वेगाला मोडण्याची शक्यता किती. त्याला दोनच आकडे लागतात: मध्यांक वेग, ज्याला शक्यता निम्मी असते, आणि पसारा, म्हणजे मोडण्याचा वेग त्याभोवती किती विखुरतो. लॉगनॉर्मल वितरण घ्यायचं; स्प्रेडशीटमध्ये त्याचं फंक्शन तयार असतं.

मध्यांक चौथ्या पायरीतून निघतो. पर्लिनमधलं अंतर १.४ मीटर, स्क्रू दर ०.३ मीटरवर, म्हणजे एका स्क्रूच्या वाट्याला ०.४२ चौरस मीटर. स्क्रूवरून पत्रा फाटून सुटायला ८०० न्यूटन लागतात असं समजा. खरा आकडा त्याच पत्र्याचे तुकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओढून काढायचा. मग भार ८०० होईल तो वेग शोधा:

- सगळे स्क्रू जागेवर, शटर टिकलं: ४८ मीटर प्रति सेकंद
- सगळे स्क्रू जागेवर, शटर गेलं: ४१
- शटर टिकलं, पण एकाआड एक स्क्रू गायब: ३४

पसारा ०.१५ धरू. कारागीर, गंज, पत्र्याची जाडी यांतला फरक त्यात येतो, आणि जुन्या शेडला तो याहून मोठा घ्यावा लागतो.

आपत्तीतलं नुकसान मोजणाऱ्या अमेरिकेच्या हॅझस प्रणालीतले तयार वक्र उचलून इथे लावायचा मोह होतो. ते त्यांच्या लाकडी छपरांचे, शिंगल्सचे, त्यांच्या खिळ्यांचे आहेत. वक्राचा आकार शिका, आकडे आपल्या पत्र्याचे घ्या.

७. सगळं रुपयांत उतरवा

दुसऱ्या पायरीतल्या वेगांचे तीन गट करा. साधारण ३० ते ३६ चा वारा, वर्षाला १६ टक्के. ३६ ते ४१, ३ टक्के. त्याच्या वर, १ टक्का. प्रत्येक गटासाठी प्रातिनिधिक वेग ३३, ३९ आणि ४४ घ्या, त्या वेगाला मोडण्याची शक्यता वक्रावरून वाचा, गटाच्या शक्यतेने गुणा, तिन्हींची बेरीज करा. तिहेरी इंटिग्रल ते हेच.

एकाआड एक स्क्रू गायब असलेल्या शेडला ३३ ला ४२ टक्के, ३९ ला ८२, ४४ ला ९६. बेरीज: वर्षाला सुमारे १० टक्के. स्क्रू पूर्ण पण शटर पहिल्याच झोतात जाणारं असेल तर ३ टक्के. दोन्ही नीट असेल तर ०.६ टक्के. छप्पर उघडं पडल्यावरचा तोटा, माल-यंत्रं-बंद दिवस धरून, २० लाख मानला तर वार्षिक अपेक्षित तोटा अनुक्रमे २ लाख, ६० हजार आणि साडेबारा हजार. दहा वर्षांत एकदा तरी छप्पर जाण्याची शक्यता पहिल्या शेडला ६६ टक्के, शेवटच्या शेडला ६.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ पुढच्या आकड्यात आहे. पहिल्या शेडच्या १० टक्क्यांपैकी दोन-तृतीयांश जोखीम ३० ते ३६ च्या गटातून येते, म्हणजे डिझाइन वाऱ्याच्या बऱ्याच खालच्या वाऱ्यातून. कोडच्या एकाच वेगाला तपासलं तर हे कधीच दिसत नाही. मालकाला भीती मोठ्या वादळाची वाटते. त्याचे पैसे दर पाच-सहा वर्षांनी येणारा मधला वारा खातो.

बंद दिवसांचा तोटा काढताना वळीव एका शेडवर येत नाही हे धरा. अख्ख्या एमआयडीसीचे पत्रे एकाच संध्याकाळी सैल झाले की फॅब्रिकेटर आठवडाभर फोन उचलत नाही, आणि पुढचा पाऊस दुसऱ्या दिवशीच येतो.

८. उपाय त्याच स्प्रेडशीटमधून काढा

प्रत्येक उपायाने मध्यांक किती सरकतो ते पाहा, तोटा किती घटला ते काढा, फॅब्रिकेटरच्या कोटेशनशी ताडा. क्रम जवळजवळ नेहमी असाच लागतो: गायब स्क्रू भरणे आणि वॉशर बदलणे; कडा-कोपऱ्यांत स्क्रू दाट करणे; शटरला मधला काढता-घालता खांब आणि पक्के अँकर; मग पर्लिनचे क्लीट. कैची-खांब मजबूत करायचा प्रस्ताव, जो मालकाला आधी सुचतो आणि महाग असतो, बहुतेक साध्या शेडमध्ये तळाला जातो. एक सांभाळा: छप्पर घट्ट केलं की ओढ पुढच्या कडीवर जाते. म्हणून स्क्रू दुप्पट करायच्या आधी क्लीट आणि अँकर बोल्ट तेवढं सोसतील का ते तपासा.

माल हलवणं हाही उपाय आहे. निर्यातीच्या गासड्या कोपऱ्याच्या बेमधून मधल्या बेमध्ये नेल्या तर छप्पर तेच राहून तोटा घटतो. यासाठी कोटेशन लागत नाही.

९. अहवाल, विमा आणि पुन्हा तपासणी

अहवाल चार पानांचा ठेवा. पहिल्या पानावर मालकाने सही केलेल्या तीन पायऱ्या आणि तुमची शेड कुठे बसते ते. गृहीतकं वेगळ्या चौकटीत लिहा: कोणता वेग, कोणती भूभाग श्रेणी, ८०० न्यूटन कुठून आले. स्थिरतेचा दाखला हवा असेल तर सही परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच लागते. शिकाऊ माणसाने हिशेब करावा, दाखला देऊ नये.

पॉलिसी आग आणि विशेष संकटं प्रकारची असेल तर तिच्यात वादळ, चक्रीवादळ, हरिकेन, पूर यांचा गट असतो. सवलतीसाठी तो वगळलेला नाही ना, ते पाहा. काम बंद राहिल्याचा तोटा त्यात धरलेला नसतो, त्याचं कवच वेगळं घ्यावं लागतं. सातव्या पायरीतला २० लाखांचा तपशील इथे कामी येतो.

तपासणी दरवर्षी मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आणि वळवाच्या आधी. मध्ये छपरावर सोलर बसवायचं ठरलं तर मार्चची वाट पाहू नका. पॅनेल खालून आणि वरून दोन्हीकडे वारा घेतं, त्याची ओढ त्याच पर्लिनवर येते, आणि बसवणारा पत्र्याला नवी भोकं पाडतो. त्याच्याकडून क्लॅम्पचं ड्रॉइंग आणि प्रत्येक क्लॅम्पवरची ओढ लेखी मागा, मध्यांक नव्याने काढा, मगच त्याला वर चढू द्या.